चाकातलं कुंकू

तुमचा धंदा काय, असं कुणी विचारलं तर सयाजी ‘गाड्या धुतो’ असं कधीच सांगत नसे. गाड्या काय, कुणीही धुतं. पाण्याचा पाइप धरायला कसली आलीय अक्कल? तो म्हणे, "आपुन चाकं चमकवतो. क्रोमची." आणि ‘क्रोम’ हा शब्द मान जराशी झुकवून उच्चारे, जणू एखाद्या देवाचं नाव घेतोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रोम चढवायच्या कारखान्यात त्यानं तेवीस वर्षं काढली. तो बंद पडल्यावर हायवेजवळ सम्राट नावाच्या पोराच्या वॉशिंग सेंटरवर मागच्या कडुलिंबाखाली त्यानं आपलं दुकान मांडलं. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, दोन बादल्या, दात घासायचे जुने ब्रश आणि बायकोच्या विटलेल्या सुती लुगड्यांचे तुकडे. तानाबाईचं एकेक लुगडं आधी तिच्या अंगावर जुनं होई आणि मग कोल्हापूरकरांच्या चाकांवर फिरून संपे. लुगड्यासारखं मऊ फडकं बाजारात मिळत नाही, असं सयाजीचं ठाम मत होतं आणि मला ते पटतं.

जोतिबाहून आलेल्या गाड्या हे त्याचं खास काम. डोंगरावर गुलाल उधळतात तो टपावरून, बोनेटवरून निघतो. पण चाकाच्या नटांच्या खाचेत ओला होऊन बसला, की बघायला नको. बाकीचे लोक त्यावर अ‍ॅसिड मारत. पितळी तांब्या चिंचेनं उजळतो, तसं क्रोमही आंबटानं उजळेल असं त्यांना वाटे. सयाजी असा माणूस दिसला की खवळायचा. "आरं, क्रोम म्हंजे सायीवानी पातळ आसतंय. ते घासायचं न्हाय, पुसायचं. आंघुळ घातल्यावर बाळाचं आंग पुसतोस न्हवं, तसं." चाक गार झाल्याशिवाय तो त्याला पाणीही लावत नसे. आधी साधं पाणी, मग साबणाचा फेस, खाचांतून ब्रश, पुन्हा पाणी, मग कोरडं फडकं, आणि शेवटी मेणाचा हात. एका वेळी एकच चाक. घाईच्या गिऱ्हाइकानं खुशाल दुसरीकडे जावं.

चाक झालं की परीक्षा. परीक्षक एकच, तानाबाई.

ही चाल लग्नाच्या वर्षातली. नवी नवरी उन्हातान्हातून उद्यमनगरात डबा घेऊन आली आणि घामानं तिचं कुंकू फिसकटलं. कारखान्यात आरसा कुठून असणार? सयाजीनं क्रोमच्या हौदातून नुकतीच निघालेली एका फियाटची चाकाची टोपी पुसून तिच्यापुढं धरली. तिनं पदरानं कपाळ टिपलं, करंड्यात बोट बुडवलं आणि त्या टोपीत बघून कुंकू रेखलं. मग हसून म्हणाली, "लख्ख हाय." पस्तीस वर्षं झाली, आता ती उचगावातून चालत डबा घेऊन येते. पण जेवणाआधी चाकापुढं उकिडवं बसायचं, कुंकू टेकवायचं आणि निकाल सांगायचा, हे काही चुकलं नाही. तानाबाईनं ‘लख्ख’ म्हटलं, की चाक पास.

गेल्या वर्षापासून मात्र चाकं काही वेगळीच वागायला लागली. सकाळच्या उन्हात प्रत्येक चाकाभोवती दुधाळ खळं दिसे. त्यात आभाळ उतरे, कडुलिंबाची पानं पाण्यात विरघळल्यासारखी हलत आणि हायवेवरचे ट्रक रंगीत ढगांसारखे सरकत जात. सयाजी फडकं हातात धरून नुसता बघत राही. आणि दुपारी तानाबाई चाकापुढं बसली, की त्या धुक्यातून समोर यायची ती हिरव्या लुगड्यातली, विशीतली नवी नवरी. गालावर सुरकुती नाही, केसात पांढरा धागा नाही. खरी तानाबाई शेजारीच बसलेली असे, गुडघे दुखतात म्हणून कण्हत. पण सयाजीची नजर चाकातल्या तानाबाईवर. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. साठीच्या माणसानं असलं काही बोलावं तरी कुणाजवळ?

फक्त एक खटकायचं. चाक कितीही पुसलं तरी लख्ख होईना. त्यानं तानाबाईला विचारलं, तर तिनंही डोळे बारीक करून सांगितलं, "व्हय, जरा धुरकटच वाटतंय." मग काय, दोन साक्षी जमल्या. हल्लीचं क्रोमच हलकं, असं सयाजीनं ठरवून टाकलं. नाचता येईना अंगण वाकडं. हल्ली डब्यातल्या भाजीत मिरच्या देठांसकट यायच्या, एकदा तर भाजीत रबरबँड निघाला. तेव्हा ही आपल्यावर रागावलीय एवढाच अर्थ त्यानं लावला.

एका गुरुवारी बिद्रीचा विश्वजित जीप घेऊन आला. ऊसवाल्याचा पोरगा, आवाज ट्रॅक्टरएवढा आणि जीपला चारही चाकं क्रोमची. "मामा, उद्या मलकापूरला पोरगी बघाय जायचंय. चाकात सासऱ्याला तोंड दिसलं पायजे. चारला येतो!"

सयाजीनं चारही चाकं जीव ओतून पुसली. दुपारी तानाबाई पुढच्या डाव्या चाकापाशी बसली, कुंकू लावलं, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाय वो. धुरकटच हाय. बिचाऱ्याचं सोयरिकीचं काम हाय. जरा दमानं घासा."

ती गेली. मग सयाजी उठला आणि ज्या यंत्राला तो आजवर शिव्या घालत आला होता, ते सम्राटचं पॉलिशचं यंत्र त्यानं उचललं. गोल फिरणाऱ्या त्या गादीला खरखरीत पेस्ट फासली आणि चाकावर टेकवली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धुकं हटेना, म्हणून आणखी जोर लावला. अति तिथं माती, हे दुसऱ्यांना सांगणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्याला काहीच आठवलं नाही.

चारला विश्वजित आला आणि चाकापाशी वाकला. "मामा, ह्ये पिवळं काय?"

सयाजीनं त्या जागेवर बोट फिरवलं आणि बोटाला लगेच कळलं. क्रोम उडालं होतं, खालचं निकेल उघडं पडलं होतं. तेवीस वर्षं ज्यानं ते चढवलं, त्यानंच ते उतरवलं होतं.

"धुरकट हुतं चाक," तो कसाबसा म्हणाला. "चारी बी धुरकट हायती."

"धुरकट?" विश्वजितनं बाकीच्या तीन चाकांकडं पाहिलं. "मामा, हितं माझ्या मिशीचा केस न् केस दिसतोय की! तुमाला न्हाय दिसत?"

सम्राट पुढं आला. त्यानं सयाजीच्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाला, "मामा, मोतीबिंदू हाय. डोळं दावून या. तवर चाकाला हात लावू नगासा."

चाकाला हात लावायचा नाही, मग दिवसभर हातांनी करायचं तरी काय? सयाजीला त्या रात्री रडू आलं, हे इथं सांगायला हरकत नाही.

सरकारी दवाखान्यात आधी उजवा डोळा झाला. काळा चष्मा, थेंब, धुळीपासून लांब; महिना घरात कंठला. डाव्या डोळ्याची तारीखही मिळाली होती, पण सयाजीनं ती दोनदा पुढं ढकलली. सम्राटला वाटलं, म्हातारा भ्याला. खरी गोष्ट निराळी होती. उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं, की ते दुधाळ जग अजून जागेवर असायचं. डावाही झाला की ते जाणार होतं आणि त्याबरोबर चाकातली ती हिरव्या लुगड्यातली नवरीही.

दीड महिन्यानं तो कामावर आला, त्याच आठवड्यात विश्वजित पेढे घेऊन आला. मलकापूरची सोयरीक जमली होती. पिवळं पडलेलं चाक त्यानं स्टेपनीला टाकलं होतं. "पोरगी व्हय म्हटली, मामा, तवा चाकाचं माफ! पर आता नीट बघून पुसा."

सयाजीनं नीट बघून पुसलं. उजव्या डोळ्याला नटांच्या खाचेतला गुलालाचा कण न् कण दिसत होता. चाक असं झालं की कडुलिंबाचं एकेक पान त्यात मोजून घ्यावं.

दुपारी तानाबाई आली. चाकापुढं बसली, करंडा उघडला. सयाजी तिच्या मागं उभा राहिला आणि दोन्ही डोळ्यांनी चाकात बघितलं. तिथं एक म्हातारी होती. गाल बसलेले, केस पांढरे, ओठ आत ओढलेले. त्यानं उजवा डोळा मिटला, नवरी आली. उघडला, नवरी गेली.

म्हातारीनं बोट कपाळाला टेकवलं. कुंकू भुवईच्या वर, बोटभर उजवीकडं लागलं. तिनं डोळे बारीक करून ते बघितलं, मान डोलावली आणि म्हणाली, "अजून धुरकटच हाय वो. आनी जरा पुसा."

सयाजीला मिरच्यांचे देठ आठवले. तो रबरबँड आठवला. आपली साक्षीदार वर्षभर खरंच बोलत होती, धुकं तिच्याही डोळ्यांत होतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

तो तिच्यासमोर खाली बसला. लुगड्याच्या तुकड्यानं तिचं कपाळ पुसलं, करंड्यात आपलं बोट बुडवलं आणि कुंकू मधोमध लावलं.

"आवो, लोकं बघत्यात की!"

"बघू देत. तुझं बी डोळं गेल्यात ताने. आपरेशन करायचं."

तानाबाई चाकाकडं वळली. "मला न्हाय करायचं," ती हळूच म्हणाली. "चाकात तुमी आजून हळदीतलं दिसताय. कशाला घालवू?"

सयाजीनं करंड्याचं झाकण लावलं. "आन मी म्हातारा झालोय, त्येचं काय?"

"झाला आसशीला. डोळा झाल्यावर तुमाला आत्ता म्हातारी दिसली न्हवं चाकात? वाईट न्हाय वाटलं?"

"वाटलं," तो म्हणाला. "लई वाटलं."

"मग?"

"मग तिचं कुंकू वाकडं दिसलं."

तानाबाईनं डबा उघडला आणि भाकरी त्याच्या हातावर ठेवली. जेवण झाल्यावर सयाजीनं खिशातून डाव्या डोळ्याच्या तारखेचा चुरगळलेला कागद काढून सम्राटला दिला, आणि दवाखान्यात फोन करून दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी जमतंय का, ते विचारायला सांगितलं.