एकोणिसावी लस

फ्लूची लस टोचायचा दिवस आला की वॉर्डातल्या सगळ्यांना एकदम कामं आठवायची. कुणाचं ड्रेसिंग राहिलेलं, तर कुणाला चक्क भूकच लागलेली. सिस्टर मात्र बाही वर करून रांगेत पहिल्या. सलग एकोणीस वर्षं!

"सिस्टर, तुमच्या अंगात रक्त आहे की नुसती लसच?" इसीजीवाला चिडवायचा.

"तू आधी बस इथे गुमान," म्हणत त्या त्यालाच खुर्चीत दाबून बसवायच्या.

हौस नव्हती हो ती. घरी वडील होते, फुप्फुसं पार कामातून गेलेली. चार पावलं चालले तरी धाप लागायची. सिस्टरांनी लग्नाचा विषय कधीच बाजूला टाकला होता. आपण दिवसभर रोग्यांत वावरतो, त्यातलं काही घरी न्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट.

त्या एकोणिसाव्या वर्षी हॉस्पिटलातच एक अभ्यास निघाला. वर्षानुवर्षं लस घेणाऱ्यांच्या शरीराचा लशीला प्रतिसाद कसा असतो, ते तपासायचं होतं. लशीआधी, महिन्याने आणि फ्लूचा मोसम सरल्यावर, असं तीनदा रक्त द्यायचं. पहिलं नाव कुणी दिलं असेल, ते सांगायला नकोच.

आणि त्याच मोसमात वडिलांना फ्लूने गाठलं. सहा दिवसांत खेळ आटोपला.

सिस्टर ड्यूटीवर असताना धाकटा भाऊ एका दुपारी येऊन गेला होता, आणि तो खोकत होता, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. झालं! भरल्या घरात, चारचौघांसमोर सिस्टर त्याच्यावर तुटून पडल्या. "तूच मारलंस बाबांना!" तो मान खाली घालून निघून गेला. त्यानंतर दहा महिने बोलणं बंद.

खरं तर भाऊ आला त्याच आठवड्यात सिस्टरांचाही घसा एक दिवस खवखवला होता. पण लस घेतलेल्या बाईला फ्लू कसला? त्यांनी गुळण्या केल्या आणि मास्क न लावताच बाबांना भरवायला बसल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी बाई, स्वतःच्या घशाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

अभ्यासाचे निकाल आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं.

"दरवर्षी घेणाऱ्या काहींमध्ये लशीनंतर अँटिबॉडीज कमी वाढलेल्या दिसतात. तुमच्याही बेताच्याच वाढल्यात. पण म्हणून लस सोडायची नाही हं, न घेण्यापेक्षा घेणं कधीही बरं."

"आणि हा तिसऱ्या वेळच्या रक्ताचा आकडा एवढा मोठा कसा, मॅडम?"

डॉक्टरीणबाईंनी निकालाचा कागद त्यांच्या हातात दिला. "मधे तुम्हाला फ्लू होऊन गेलाय. लक्षात आलं नसेल."

"म्हणजे बाबांना माझ्याकडून?"

"कुणाकडून कुणाला, हे रक्त सांगत नाही, सिस्टर."

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्या बाकावर बसल्या. वाटलं, कागद फाडून टाकावा, कुणाला कळणार आहे? भावाला शिव्या देत दहा महिने काढले, तसं उरलेलं आयुष्यही निघेल. स्वतःचीच लाज वाटली त्यांना. त्यांनी फोन लावला.

"बोल ना, ताई." जसं काही कालच बोलणं झालं होतं!

"अरे, मला फ्लू झाला होता तेव्हा. आज कळलं. बाबांना माझ्यामुळेच झालं असेल. तुला नको नको ते बोलले मी."



"ताई, मी त्या दिवशी आत गेलोच नव्हतो. खोकला होता ना. खिडकीतूनच हात केला. बाबांनीही केला. तसाच परत फिरलो."

"मग तेव्हा का नाही बोललास, मूर्खा?"

"बोललो असतो तर तुझं काय झालं असतं? घरात तुम्ही दोघंच तर होतात."

सिस्टर हमसून हमसून रडू लागल्या, आणि त्यानेही फोन ठेवला नाही.