कॉम्प्युटर थंड ठेवण्याचे घरगुती उपाय

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट, फ्रिजचं हँडल, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, सगळं दुकानातून आलं तसं आहे. उन्हाळ्यात पाहुणा खुर्चीवरून उठला की चर्रकन आवाज होतो, पण खुर्च्या बघा, अजून कोऱ्या! (पाहुणे कमी झालेत, ते वेगळं.) हा नियम माझ्या वडिलांचा. "प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी झाली," असं ते म्हणायचे, आणि मी जन्मात त्यांचं एवढं एकच ऐकलं.

तर मेधा, म्हणजे माझी बायको, शाळेतून रिटायर झाली आणि तिने घरून ऑनलाइन विज्ञान शिकवायचं ठरवलं. रविवारी सकाळी पहिला तास, तोही फुकट. मुलांचे आईबाप शेजारी बसून ऐकणार आणि पसंत पडलं तरच क्लास लावणार. उभं आयुष्य वर्गात काढलेली बाई, पण या एका तासाची तिने धास्ती घेतली होती. आरशासमोर "नमस्कार मुलांनो" म्हणताना मी तिला पकडलं. या क्लाससाठी नवा कॉम्प्युटर हवा होता.

मुलुंडच्या दुकानात सुटे भाग घेतले. दुकानदार म्हणाला, "सर, जोडून देऊ?"

"छे! मी जोडीन घरी."

"अहो, द्या ना त्याला," मेधा म्हणाली. "तुम्ही मिक्सर उघडला होतात, आठवतंय ना?"

"तो मिक्सर मुळातच खराब होता!"

"तुम्ही उघडेपर्यंत चालत होता."

शनिवारी मी हॉलमध्ये चादर पसरून बसलो. वरच्या मजल्यावरचे सावंतकाका देखरेखीला आले. (त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण सोसायटीत कुठेही स्क्रू फिरला की त्यांना चाहूल लागते.) मोबाइलवर व्हिडिओ लावून मी एकेक भाग बसवत गेलो. शेवटी आला कूलर. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, भयंकर तापतो म्हणून त्याच्या डोक्यावर हा पंखेवाला धातूचा ठोकळा बसवतात. ठोकळ्याचं बूड आरशासारखं लखलखीत, आणि त्यावर एक पारदर्शक फिल्म. फिल्मवर लाल अक्षरात इंग्रजीत काहीतरी बजावलं होतं. तसं तर रिमोटवरही बजावलेलं होतं. मी बुडाला ओरखडा न पडू देता कूलर जपून बसवला आणि स्क्रू आवळले.

मेधाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हळदकुंकू लावलं (प्लास्टिकवरूनच), सावंतकाकांनी खाली जाऊन नारळ फोडला आणि मी बटण दाबलं. चालू! सावंतकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी मेधाकडे फक्त एक नजर टाकली, मिक्सरच्या संदर्भात. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा स्क्रीनवर सूचना आली की प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला आहे. मी कूलरला हात लावून पाहिला, तर गारेगार!

"बघा! कूलर एकदम थंड. म्हणजे माझं फिटिंग उत्तम आहे."

"माका वाटता, ह्येका नजर लागली," सावंतकाका म्हणाले आणि लिंबू-मिरची आणायला गेले.

लिंबू-मिरची कॅबिनेटला लटकली. फरक शून्य. मग मी कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर जरा जास्त टिकला. याचा अर्थ दिशा बरोबर होती! मग सगळा संसार बेडरूममध्ये एसीखाली हलवला. आणखी थोडा टिकला.

रविवारी सकाळी आमच्या बेडरूममध्ये काश्मीर अवतरलं होतं. मेधा स्वेटर घालून, वर शाल लपेटून कॅमेऱ्यासमोर बसली. एसी पूर्ण, टेबलफॅन पूर्ण, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने सावंतकाका माकडटोपी घालून खोक्याच्या पुठ्ठ्याने कॉम्प्युटरला वारा घालत होते.

विषय होता उष्णतेचं वहन.

"सांगा बरं मुलांनो, कढईच्या कानाला हात लावला तर चटका बसतो, पण तव्याच्या प्लास्टिकच्या मुठीला लावला तर..."

आणि स्क्रीन काळी झाली.

मेधाचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र माझा सगळा रुबाब गळून पडला आणि मला मनापासून वाईट वाटलं. तिने मोबाइलवरून पालकांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग मी म्हणालो, "घाबरू नकोस. कूलर अजून थंडच आहे."

ती एकदम वळली. "काय म्हणालात? प्रोसेसर तापलाय आणि त्याच्यावर टेकलेला कूलर थंड? अहो, मग मधे काहीतरी आहे! प्लग काढा आणि तो स्क्रू ड्रायव्हर द्या इकडे."

तिने कूलर उचलला आणि बुडाची फिल्म नखाने सोलली.

"हे काय आहे?"

"प्लास्टिक."

"यावर लिहिलंय, बसवण्याआधी काढा. वाचलं नाहीत?"

"वाचलं ना. पण नवं आहे म्हटलं..."

सावंतकाकांचा पुठ्ठा पहिल्यांदाच थांबला. "काय मेल्या," ते हळूच म्हणाले, "आणि माका उगाच लिंबू आणूक लावलंस!"

कूलर परत बसला, कॉम्प्युटर चालू झाला आणि चालूच राहिला. मेधा आता शाल फेकून रंगात आली. ती फिल्म तिने कॅमेऱ्यासमोर धरली. "मुलांनो, हे प्लास्टिक. उष्णतेचं दुर्वाहक. एका बाजूला आग लागली तरी दुसऱ्या बाजूला पत्ता नाही!"

"टीचर, नीट दिसत नाही. सगळं धुरकट आहे," एक मुलगी म्हणाली.

"इंटरनेट असेल," मी मागून सुचवलं.

मेधाने कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे. मग कॅमेऱ्याच्या भिंगावरचीही फिल्म सोलून काढली. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं.

"आता दिसतंय?"

"हो टीचर! पण मागे ते काका प्लास्टिकची घडी का घालतायत?"

"ते आमचे मिस्टर," मेधा म्हणाली. "त्यांच्यापर्यंतही काही पोचत नाही."

सगळ्यांनी क्लास लावला. एका आईने तर आवर्जून मेसेज केला, "मॅडम, फारच छान समजावलंत. प्रयोगाचं साहित्य दर तासाला असंच समोर ठेवाल ना?"

तेव्हापासून दर रविवारी मी मेधाच्या मागे उभा असतो.