मन्मथप्पांची शंभरी

धारूरच्या तालमीत आमच्या बैठका मन्मथप्पा वस्ताद मोजायचे. एकेकाला पुढे घ्यायचे आणि ओट्यावर बसून खणखणीत आवाजात शंभरपर्यंत जायचे. तो आवाज कानावर पडला की पाय आपोआप चालायचे. आता बीडच्या जिममध्ये यंत्रावर लाल आकडे पळतात. मी त्यावर टॉवेल टाकतो. कारण माझं मलाच ठाऊक.

चौऱ्याण्णव साल असेल. आमच्या किराणा दुकानात नवा कॅल्क्युलेटर आला होता. एक अधिक एक करून नुसतं बरोबरचं बटण दाबत राहिलं की आकडा एकेकानं वाढतो, हा शोध मला लागला आणि मी शेफारलो. पाय मुरगळला होता, म्हणून कडेला बसून मी सगळ्यांच्या बैठका त्यावर मोजल्या. शेवटी मोठ्या ऐटीत उभा राहिलो.

"वस्ताद, तुमचं मोजणं चुकतंय! शहादेवच्या एकशे नऊ झाल्या, अन् हनुमानच्या बहात्तरच."

सगळ्यांच्या माना हनुमानकडे वळल्या. हनुमान आदल्याच आठवड्यात आई-बापासोबत ऊसतोडीहून परतला होता. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण जत्रेत कुस्ती धरायचीच म्हणून रोज हजर. त्यानं सदरा उचलला आणि मान खाली घालून निघून गेला.

"मला मोजता येत न्हाई व्हय बे?" वस्ताद म्हणाले. "तीस वर्षं झाली मोजतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दमलेल्याचे आकडे ते गाळायचे, माजलेल्याचे दोनदा म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवस हनुमान फिरकला नाही. पाचव्या दिवशी वस्ताद स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याला घेऊनच आले. त्याला पुढे उभं केलं आणि माझ्याकडे वळले.

"केदारनाथ, आज तू मोज. तोंडानं."

मी सुरू केलं. पन्नासला हनुमानचे गुडघे लटपटायला लागले. साठला त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता हा पुन्हा आपली लाज काढतो की काय, अशी ती नजर. सगळी तालीम ऐकत होती. मी एकसष्ट म्हणालो, बासष्ट म्हणालो, आणि मग मोठ्यानं म्हणालो, "नव्वद!"

कुणी हसलं नाही. वस्तादांनी नुसतं खाकरल्यासारखं केलं.

शंभर म्हणून मी थांबलो. हनुमान थांबला नाही. दात-ओठ खात तो खाली-वर होत राहिला, आणि त्यापुढचं आम्ही कुणीच मोजलं नाही.