गोदामातलं नवं नाटक

सगळे तिला कुजबुजताई म्हणत. मोठ्या नाट्यगृहात ती प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. वर्षानुवर्षं तीच तीन नाटकं, तेच हशे. एकदा एका नर्सबाईंनी स्वतः लिहिलेलं नाटक आणलं. मॅनेजरने पानही न उलटता परत केलं. "नव्या नाटकाकडे कुत्रं फिरकत नाही."

"आपण माणसांसाठी करू," म्हणत ताईने नोकरी सोडली आणि नर्सबाईंना घेऊन तडक घर गाठलं.

नवऱ्याचं जुन्या टायरांचं गोदाम होतं. तिने ते मागितलं.

"अगं, आणि टायर ठेवू कुठे? डोक्यावर?"

"प्रेक्षकांखाली!"

टायर रचून, वर फळ्या टाकून बाकं झाली. नियम एकच : आधी कुठे झालेलं नाटक इथे करायचं नाही. पहिलं नाटक नर्सबाईंचं, ते सपशेल आपटलं. दुसऱ्याला लोक मध्येच उठून गेले.

नवरा कुरकुरला, "एखादं हमखास चालणारं घे. नाक तरी राहील."

"नाक माझं आहे. मी बघते."

हळूहळू लोक येऊ लागले. मग एका बसड्रायव्हरने गावातल्या गळक्या टाकीवर नाटक लिहिलं. त्यात ठेकेदार उद्घाटनाचं भाषण करता करता नखशिखांत भिजायचा. खरा ठेकेदार नगराध्यक्षांचा सख्खा भाऊ. त्यांचा माणूस आला. "तेवढा प्रवेश गाळा."

"वाक्य आठवून देणं माझं काम," ताई म्हणाली. "विसरायला सांगणं नाही."

दुसऱ्या दिवशी दाराला नगरपालिकेचं कुलूप! कारण काय, तर आगीचा धोका. ताईने कुलपासमोर रस्त्यातच नाटक लावलं. पोलिसांची गाडी दिसताच ठेकेदार झालेल्या नटाने कोट टाकून धूम ठोकली. आता?

नवऱ्याने तो कोट अंगात चढवला. त्याला एक वाक्य धड येईना. ताई मागून बेंबीच्या देठापासून ओरडून सांगायची, तो तस्संच म्हणायचा. शेजारणीने गॅलरीतून त्याच्यावर बादली उपडी केली, तेव्हा हवालदारही तोंड फिरवून हसले. कुलूप होतं तोवर दर रविवारी तो भिजला.

शेवटी गोदामात आग विझवायची सगळी साधनं बसली, कुलूप लावून ठेवायला सबब उरली नाही. ते निघालं तसा नगराध्यक्षांचा निरोप आला : गोदामाच्या उद्घाटनाला येतो.

"या म्हणावं," ताई म्हणाली, "तिकीट काढून."

ते आले नाहीत. त्या संध्याकाळचं नवं नाटकही पडलंच. ताईने सकाळी पुढच्या नाटकाचं वाचन लावलं.