आनेकलच्या आकाशातले तीन दिवे

काल फोनने जुने फोटो आपणहून वर काढले आणि त्यात तो एक दिसला, आनेकलहून येताना बसमधून टिपलेल्या संध्याकाळच्या आभाळाचा, ओळीने तीन दुधी दिवे असलेला. तेव्हा माझा धाकटा भाऊ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उडत्या तबकड्यांच्या फोटोंची नेहमी टर उडवायचा. हा फोटो मात्र मी "बघ, आनेकलच्या आभाळात काय होतं" म्हणत दाखवला, तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तू उगाच काही सांगणार नाहीस." रविवारी जयनगरच्या घरी नातेवाईक जमले, कॉफीचा वास घरभर पसरला होता, तेव्हा त्यानेच तो सगळ्यांना दाखवला. "हे खरं आहे. अक्कानं स्वतः पाहिलंय." आमच्या चुलत बहिणीने फोटो मोठा केला. "सरी, ठीक आहे, पण दिव्यांच्या बाजूला बसचा दांडा दिसतोय की! बसमधल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेत पडलंय." एकच हशा पिकला. "मास्तर, तुम्हीसुद्धा?" कुणीतरी म्हणालं. माझे कान तापले. तो मात्र हसून म्हणाला, "स्वल्प घाई झाली माझी," आणि सगळं स्वतःवर घेतलं. निघताना चपला घालता घालता त्याने मला हळूच विचारलं, "पण आभाळात काहीतरी होतं ना?" मी म्हटलं, "नाही रे, मी बाहेर बघितलंच नाही. घरी आल्यावर फोनमध्येच दिसलं." त्याने मान हलवली आणि दुसरी चप्पल पायात सरकवली. आम्ही आजही रोज फोनवर बोलतो. फक्त आता मी काही सांगितलं की तो मला प्रश्न विचारतो, इतरांना विचारतो तसेच.