उन्हात धुतलेली गाडी

मोहाडीत आमच्या आळीत देवाजीसारखी गाडी धुणारा दुसरा कोणी नाही. तीस वर्षं राईस मिलवाल्या मालकाची जीप चालवली, आता घरीच असतो. कोणी नवी गाडी घेतली की देवाजीला विचारायला येतो.

"बोअरिंगचं पानी खारं हाय, बाबू. थेंब उन्हात सुकला का पांढरा डाग बसला. मंग घास किती घासतं थे."

तो सकाळी, पत्रा थंड असताना, गाडी सावलीत घेतो. टपापासून खाली एकेक भाग धुतो, शेवटी टाकीत धरलेलं पावसाचं पाणी ओततो, आणि पुढं सरकायच्या आत बायकोच्या, जनाबाईच्या, जुन्या लुगड्यानं टिपून घेतो. एखादा थेंब नजरेतून सुटला तर त्याचा हात कापतो. लोकांना वाटतं, वय झालं.

हात कापायला लागला तेव्हा तो चाळिशीतला होता. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला चार वर्षं झाली होती, मालकाच्या कागदांपायी दोन्हीकडं खेपा. धानकापणीचे दिवस. मालकाला गोंदियाला सोडून देवाजी एकटाच परतत होता. लाखनीच्या अलीकडच्या वळणावर, पहाटेच्या धुक्यातून, एकदम सायकल आली. धप्प झालं. आरशात पाहिलं तर मागं नुसतं धुकं. तो थांबला नाही.

दुपारपर्यंत जीप मोहाच्या झाडांत उभी करून बसला. मग घरी आला आणि भर उन्हात बोअरिंगचं पाणी मारत सुटला.

"अजी, उन्हात धुता? डाग पडतीन ना!" जनाबाई म्हणाली.

"बकरी आडवी आली होती."

पाणी मारता मारता सुकत गेलं. बॉनेटभर पांढरे डाग. दुसऱ्या दिवशी मालक हसला, "देवाजी, गाडी धुतली का रांगोळी काढली बे?" देवाजीला मात्र त्या डागांतून कोणीतरी पाहतंय असं वाटायचं. तो माणूस जगला की मेला, हे त्यानं कधी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

परवाच्या रविवारी त्याची पोरगी सरिता आली. साकोलीकडं शाळेत मास्तरीण आहे, नुकतीच काळी गाडी घेतली. बाप झोपलेला पाहून तिनं अंगणात, बाराच्या उन्हात, गाडी धुवायला काढली. देवाजी उठून आला तेव्हा बॉनेटवरचे थेंब सुकत होते. तो लुगडं घेऊन धावला आणि बॉनेट टिपत सुटला.

"काहून एवढं करता, बाबा?" सरिता हसली. "डागानं का कोनी मरते?"

देवाजी तिथंच खाली बसला.

जनाबाई दारात उभी होती. वीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं, "कोन होता जी थो?"

"...सायकलवाला."

"बकरी नोहती, मले तवाच मालूम होतं. जगला काय?"

"म्या पाह्यलंच नाही वो."

सरितानं हातातला तांब्या बादलीत टाकला. मग तिनं पाण्याची बादली बाजूला सारली आणि गाडीचं दार उघडलं. "बसा. कुठं झालं थे दाखवा."

दोघं त्या वळणावर पोचले तेव्हा तीन वाजले होते. ट्रकांमागं ट्रक. कैलाश नावाच्या माणसाचा पानठेला होता, तिथं देवाजीनं विचारलं. साल सांगितलं, धानकापणी सांगितली, पहाट, सायकल.

कैलाशनं पानाला चुना लावता लावता मान वर केली.

"कोनता जी? त्या साली तीन झाले इथं सायकलवाले. डोमा जाग्यावरच गेला. केवळरामचा पाय तुटला, हाय अजून, खाटेवर पडून असते. अन् श्रावण दवाखान्यात सा महिन्यानं गेला. तुमचा कोनता?"

देवाजीनं तिन्ही नावं बोटांवर मोजली.

"कोनाच्या घरी जाचं हाय तुमाले?"

"तिघाईच्या," देवाजी म्हणाला. "जवळचं घर कोनतं?"