बिनलग्नाचा धवला

माझ्या बापाचं नाव ऐकून वर्ग हसला.

टेबलावर टेपरेकॉर्डर होता, मोठ्या चकत्यांचा. त्यातून माझी आई गात होती. आई आमच्या मोरवा गावातली धवलारीण. आम्हा आगरी लोकांत लग्न लावते ती बाई. ती धवला गाते आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. टेपमध्ये आईने बापाचं नाव उंच आवाजात लांबवलं, दम घेतला, पुन्हा लांबवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी तिची नक्कल केली. सगळी पोरंपोरी खिदळली. सरही हसले. मग हात वर करून म्हणाले, "शांतता. हा आदिम अवशेष आहे. नीट ऐका."

मी तिसऱ्या बाकावर. कान तापलेले. आणि खरं सांगते, मीही हसले. थोडंसं. ती माझी आई आहे हे कुणाला कळू नये म्हणून.

हेच ते सर. कॉलेजातल्या पहिल्याच तासाला यांनी सांगितलं होतं की संस्कृती प्रत्येक माणसाला असते. तो काय खातो, कुणासाठी रडतो, कुणापुढे वाकतो, हे सगळं तो आपल्या माणसांत शिकतो. तीच त्याची संस्कृती. त्यात उच्चनीच नसतं. तोवर मला वाटायचं, संस्कृती म्हणजे शुद्ध बोलणाऱ्यांच्या घरातली वस्तू. आमच्याकडे मिठागर होतं, सुकट होती, बोलण्यात हाय-न्हाय होतं. त्या दिवशी भाईंदर स्टेशनपासून घरापर्यंत मी जवळजवळ पळत आले. आईला म्हटलं, तुझं गाणं पुस्तकातलं आहे. मीच सरांना घरी बोलावलं. मीच मूर्ख.

ते आले ते थर्मास घेऊन. आमचा चहा घेतला नाही. पोट नाजूक आहे म्हणाले. उखळाचा फोटो काढला, आईचा काढला, मग मशीन मांडून म्हणाले, गा.

आई म्हणाली, "लगीन न्हाय, मांडव न्हाय, न् धवला कंला गावाचा?"

तिने त्यांना नीट समजावलं. धवल्यात आधी देवांना बोलावतात, मग त्या घरातल्या मेलेल्यांना. नाव घेऊन. ते येतात. त्यांची पानं वाढलेली असतात. लग्न नसताना बोलवायचं म्हणजे त्यांना उपाशी परत पाठवायचं. सरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "समजलं. आता गा."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "गा ना गो आये. माझे मार्क त्यांच्या हातात हायत."

लग्नघर नव्हतं, मग नावं कुणाची घ्यायची? तिने आपल्याच घरातली घेतली. सासू. सासरा. शेवटी माझा बाप, दोन वर्षांपूर्वी मिठागरावर काम करताना मेलेला. तो जिवंत असताना तिने त्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. तेच नाव आता वर्गात वाजत होतं.

सरांनी टेप थांबवली. माझ्याकडे बोट केलं. "या बाईंची मुलगी आपल्यातच आहे. उभी राहा. या ओळीचा अर्थ सांग वर्गाला. अलिप्तपणे."

मी उभी राहिले. गेल्याच महिन्यात सरांनी मुलाच्या मुंजीसाठी तास घेतला नव्हता. नंतर मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, मुंजीआधी नांदीश्राद्ध करतात, बाप-आजा-पणज्याला नावानिशी बोलावतात. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीसुद्धा. त्यांच्या घरात तो संस्कार आणि आमच्या घरात अवशेष. मेलेले तर दोन्हीकडे सारखेच मेलेले होते.

"सांगते सर," मी म्हटलं. "आधी तुमच्या मुंजीत घेतलेली नावं सांगा. तीही टेप करू, वर्गाला ऐकवू. मग मी अर्थ सांगते."

आता कुणी हसत नव्हतं. सर लाल झाले. "विषय व्यक्तिगत करू नकोस. खाली बस."

बसले नाही. वह्या उचलल्या आणि चालू लागले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मी हसले तेही सांगितलं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, भात टाकला, बोंबलांचं कालवण केलं आणि तीन पानं मांडली. सासूचं, सासऱ्याचं, बापाचं. "उपाशी गेलेत ते," एवढंच म्हणाली. मला वाढायला ती विसरली नव्हती. तिने वाढलं नाही.

त्या पेपरात मी जेमतेम पास झाले. सरांचा लेख छापून आला. त्यात त्या ओळीखाली लिहिलं होतं, अर्थहीन पालुपद. म्हणजे माझा बाप.

पुढे मी आईकडून धवला शिकले, ओळ न् ओळ. आज मोरव्यात मी गाते. माणसं अजून येतात. मशीन लहान झालंय, बोलणं गोड झालंय. तुमची संस्कृती जपायला हवी म्हणतात. मी चहा ठेवते आणि त्यांच्या कपाकडे बघत बसते. मग सांगते, मशीन चालू करा आणि आधी तुमच्या घरातल्या मेलेल्यांची नावं घ्या. मोठ्याने. लांबवून. ते कसनुसं हसतात, घड्याळ बघतात, उठतात.

उठू देत. फुकट गाणार नाही, मार्कांसाठी गाणार नाही, जपणुकीसाठी तर नाहीच नाही. माझ्या बापाला मी यापुढे बोलावीन, ते जेवायलाच.